जुनी जिप्सी ऑफ-रोडसाठी तयार करताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे २००३ सालची मारुती जिप्सी किंग आहे. ती घेतल्यापासून ओळखीचे, अनोळखी, गॅरेजमध्ये भेटलेले असे कितीतरी लोक तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतो. बरंचसं जिप्सीबद्दलच आहे, पण पाट्यांवर (लीफ स्प्रिंगवर) चालणारी कुठलीही जुनी फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी गाडी, तुमच्याकडे असेल तरी निम्म्याहून अधिक उपयोगी पडेल.

जिप्सीच का? महिंद्राची जुनी जीप का नको?

जीप वाईट नाही. महिंद्राने १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून जीप बनवल्या आणि त्यांचे सुटे भाग आजही तालुक्याच्या गावी मिळतात. डिझेल इंजिनाचा खालच्या वेगातला जोर हवा असेल, दुरुस्ती गावातल्या मिस्त्रीकडूनच करून घ्यायची असेल, तर एमएम ५४० सारखी गाडी जरूर बघा.

जिप्सीचं बळ तिच्या हलकेपणात आहे. सॉफ्ट टॉप (कापडी छताची) गाडी हजार किलोच्याही आत बसते. चिखलात हलकी गाडी कमी रुतते, रुतली तर चार माणसांत निघते, आणि तिचे हाउसिंग (दोन चाकांमधला अ‍ॅक्सलचा पोकळ दांडा आणि मधला गोळा), शाफ्ट, ब्रेक यांच्यावर ताणही कमी येतो. ताडोबात सफारीला याच गाड्या वर्षानुवर्षं धावल्या, इतक्या की तिथे सफारीच्या गाडीला लोक सरसकट ‘जिप्सी’च म्हणतात. गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात होणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजमध्येही चिखलात उतरलेल्या जिप्सी बघायला मिळतात.

कोणत्या सालची घ्यावी?

थोडक्यात वंशावळ अशी. डिसेंबर १९८५ मध्ये पहिली जिप्सी आली, ९७० सीसीचं इंजिन आणि चार गिअर. १९९३ मध्ये दोन चाकांमधली रुंदी वाढली. १९९६ मध्ये १.३ लिटरचं इंजिन आणि पाच गिअर घेऊन जिप्सी किंग आली. २००० मध्ये कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल सोडणारी पद्धत) आलं आणि ताकद ८० बीएचपीवर गेली. २०१८-१९ मध्ये सर्वसामान्य ग्राहकांसाठी विक्री थांबली.

पहिलीच गाडी असेल तर २००० नंतरची घ्या. ताकद आहे, थंडीत एका सेल्फला चालू होते, चढावर तिरकी उभी राहिली तरी कार्ब्युरेटरसारखी पेट्रोल ओतून बंद पडत नाही. अरुंद जुनी जिप्सी दिसायला देखणी असते, पण उतारावर आडवी चालवताना रुंद गाडीतला निर्धास्तपणा तिच्यात नाही.

बघायला जाताना काय तपासायचं?

सोबत चटई, विजेरी, छोटी हातोडी आणि एक जुना स्क्रू ड्रायव्हर न्या. रंग, सीट, म्युझिक सिस्टम यांच्याकडे बघूही नका. आधी चॅसी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा.

एक गाडी मी जवळजवळ घेतलीच होती. नवा रंग, चकचकीत अंडरकोट, मालक बोलायला गोड. खाली चटई टाकून मागच्या पाट्यांच्या हँगरपाशी हातोडी वाजवत सरकत गेलो. ठण, ठण, ठण असा खणखणीत आवाज येत होता. उजव्या बाजूला एका जागी ‘भद्’ असा आला. स्क्रू ड्रायव्हर टेकवला तर तो रंगासकट आत गेला. चॅसीच्या भोकात पुट्टी भरून वर काळा थर मारला होता. ज्या जागी पाटा गाडीला धरतो, नेमकी तीच जागा. अशा गाडीला तुम्ही कितीही भारी सस्पेन्शन लावा, एक दिवस पाटा चॅसीसकट निघून येणार.

चॅसीनंतर पुढच्या काचेच्या चौकटीची खालची कड, पायांखालचा पत्रा, बॉडी चॅसीला जिथे टेकते ते बुश आणि मागच्या दाराचा तळ बघा. गाडी समुद्रकाठची असेल तर दुप्पट वेळ द्या. बॉडीचा पत्रा बदलता येतो, चॅसी सडलेली असेल तर गाडी सोडून द्या.

मग पुढचं चाक जॅकवर उचला, टायर वर आणि खाली धरून हलवा. खडखडलं तर किंगपिनचे (ज्यावर पुढचं चाक वळतं त्या खिळीचे) किंवा चाकाचे बेअरिंग गेलेत. साठ-सत्तरच्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं अशी तक्रार असते ना, तिचं मूळ बहुतेक वेळा इथे, टाय रॉडच्या टोकांत किंवा टायरच्या बॅलन्सिंगमध्ये सापडतं. मातीच्या मैदानात फोर बाय फोर लावून स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि हळू गोल फिरवा. चाकाच्या आतून ‘कट-कट-कट’ ऐकू आलं तर बर्फील्ड जॉइंट (वळणाऱ्या पुढच्या चाकाला ताकद पोचवणारा सांधा) संपत आलाय. ही दुरुस्ती होते, पण तिचा खर्च किमतीतून वजा करून घ्या.

आणि चॅसी नंबर. स्वतःच्या डोळ्यांनी चॅसीवर वाचा, आरसीशी (नोंदणी प्रमाणपत्राशी) अक्षर न् अक्षर जुळवा. इंजिन नंबरही तसाच.

लष्कराच्या लिलावातली जिप्सी स्वस्त मिळते. घ्यावी का?

गाडी म्हणून ती चांगली निघू शकते. पण तिच्या नागरी नोंदणीची कागदपत्रं पूर्ण झालेली नसतील तर हात लावू नका. ‘नंतर पासिंग करून देतो’ यावर विश्वास ठेवून पैसे देणारे लोक मी पाहिलेत, त्यांची गाडी अजून अंगणातच आहे. आरसी हातात, नंबर जुळलेले, मगच व्यवहार.

आरटीओचं काय? किती बदल चालतात?

हा प्रश्न लोक सगळ्यात शेवटी विचारतात, तो पहिला असायला हवा.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, आरसीतली माहिती उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी होईल असा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच पक्कं केलं. इंजिन किंवा इंधनाचा प्रकार बदलायचा तर आधी आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. रंग बदलला तरी नोंद हवी. गाडीच्या पुढे लावायच्या लोखंडी बुल बारविरुद्ध केंद्राने २०१७ च्या अखेरीस राज्यांना कारवाई करायला सांगितलं. त्यामागचं कारण पटण्यासारखं आहे, पादचाऱ्याला तो बार फार वाईट लागतो.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. मुदत संपण्याआधीच्या ६० दिवसांत अर्ज करायचा असतो. गाडी तपासणीला न्यावी लागते आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही भरावा लागतो. म्हणून माझा नियम असा आहे की जे काही लावायचं ते बोल्टवर लावायचं, मूळ भाग काढून, ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून माळ्यावर ठेवायचा. कापाकापी करून परत जोडता येणार नाही असं काहीही रस्त्यावर चालवायच्या गाडीत करायचं नाही. निव्वळ स्पर्धेची गाडी असेल तर ती ट्रकवर चढवून न्यायची, रस्त्यावर आणायची नाही.

विमा कंपनीलाही बदल लेखी कळवा. न कळवलेल्या बदलावर दावा अडकला की भांडायला तुमच्याकडे कागद नसतो.

गाडी दारात आली. सुरुवात कुठून करू?

काहीही विकत न घेता. आधी गाडी मूळ स्थितीत धडधाकट करा.

सगळी ऑइलं बदला: इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर बॉक्स (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा), दोन्ही हाउसिंग. निघालेलं ऑइल पांढऱ्या डब्यात घ्या आणि उजेडात बघा. दुधाळ असेल तर पाणी गेलंय. चमचमणारी पूड असेल तर आत काहीतरी झिजतंय. पोलादी कण हाताला लागले तर हाउसिंग उघडल्याशिवाय पुढे जाऊ नका.

ब्रेकचे रबरी होज, सिलिंडर, लायनर नवे टाका. शाफ्टचे क्रॉस (सांधे) हलवून बघा. जिप्सीचा ट्रान्सफर बॉक्स गिअरबॉक्सपासून सुटा असतो आणि तीन रबरी माउंटिंगवर टांगलेला असतो. ती रबरं मेली की सगळी गाडी घरघरते, लो (ट्रान्सफर बॉक्सचा संथ पण जोरदार गिअर) लावला की दांडी निसटते, आणि माणूस उगाच गिअरबॉक्स उघडून बसतो. पाट्यांचे बुश, यू-बोल्ट, सेंटर बोल्ट बघा. रेडिएटर उतरवून साफ करून घ्या, कारण चिखलात तुम्ही दुसऱ्या गिअरवर, वारा न लागता, अर्धा अर्धा तास इंजिन ओढणार आहात.

मग सहा महिने तशीच चालवा. गाडी कुठे टेकते, कुठे चाक हवेत जातं, तुम्हाला कशाची भीती वाटते, हे तेव्हाच कळतं. यादी त्या सहा महिन्यांत आपोआप तयार होते आणि ती मित्राच्या यादीपेक्षा फार वेगळी निघते.

पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल आहे. जुन्या जिप्सीला त्रास होतो का?

इंजिन चालतं. त्रास जुन्या रबराला होतो. पेट्रोलचे होज फुगतात, भेगाळतात, आणि टाकीतला जुना गाळ सुटून फिल्टरमध्ये येतो. होज इथेनॉलला टिकणारे बसवा, फिल्टर लवकर बदला आणि गाडी महिनोन् महिने टाकी अर्धी ठेवून उभी करू नका. बोनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर तो ‘जुन्या गाडीचा वास’ समजून सोडू नका.

टायर कोणते घालू?

जिप्सी किंगचा मूळ टायर २०५/७० आर १५, व्यास साधारण ६६८ मिमी. २१५/७५ आर १५ घातला तर व्यास ७०४ होतो, म्हणजे हाउसिंग जमिनीपासून सुमारे १८ मिमी वर जातं. २३५/७५ आर १५ चा व्यास ७३४. तिथे ३३ मिमी मिळतात, पण गाडीचं गिअरिंग जवळजवळ १० टक्के उंच होतं. काटा ८० दाखवतो तेव्हा तुम्ही ८८ च्या आसपास असता, घाटात तिसऱ्याचा दुसरा करावा लागतो आणि ब्रेकवरही भार येतो.

बहुतेकांना २१५/७५ पुरतो, असं माझं ठाम मत आहे. तो बसवायला काही कापावं लागत नाही. टायर बदललेला असला तर तपासणीला मूळ मापाचा संच घालून न्यायचा, म्हणून तो विकून टाकू नका.

नक्षीबद्दल. कोकणातली तांबडी माती आणि देशावरची काळी माती ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. तांबड्या चिखलाखाली बऱ्याचदा जांभ्याचा कडक थर सापडतो, ऑल-टेरेन टायर तिथपर्यंत पोचून पकड घेतो. काळी माती टायरच्या खाचा भरून टाकते आणि दोन मिनिटांत चारही चाकं गुळगुळीत होतात. तिथे मोठ्या खाचांचा मड टायरच लागतो, आणि त्याने डांबरावर आवाज आणि ओल्या रस्त्यावर घसरण सोसावी लागते. शेवाळलेल्या काळ्या कातळावर मात्र नक्षीपेक्षा मऊ रबर आणि कमी हवा कामाला येते.

कमी हवा ही फुकट मिळणारी सुधारणा आहे. जिप्सी हलकी आहे, चिखलात मी १६ ते १८ पीएसआयवर जातो. १२ च्या खाली गेलात तर वळताना टायर रिमवरून उतरू शकतो. डांबरावर यायच्या आधी हवा भरायचीच, त्यासाठी बॅटरीवरचा छोटा कंप्रेसर आणि काटा गाडीत हवा.

लिफ्ट किती करू, म्हणजे गाडी किती उंच करू?

बहुतेक लोक लिफ्टपासून सुरुवात करतात. मी तिला शेवटी ठेवतो.

एक साधी गोष्ट लक्षात घ्या. बॉडी आणि चॅसी कितीही वर उचलली तरी हाउसिंग जिथे आहे तिथेच राहतं. हाउसिंगचा गोळा वर न्यायचा उपाय एकच, मोठा टायर. लिफ्ट ही त्या टायरला जागा देण्यासाठी आणि पुढच्या-मागच्या कोनांसाठी, म्हणजे चढाला लागताना बंपर टेकू नये म्हणून. त्यामुळे टायरचं माप ठरल्याशिवाय लिफ्टचं माप ठरूच शकत नाही.

दीड-दोन इंच हवी असेल तर चांगल्या पोलादाचे नवे पाटे आणि त्यांना जुळणारे लांब शॉकअप एवढं पुरतं. जुन्या पाट्यांत एक जादा पान घालून उंची मिळवता येते, गावोगावचे पाटेवाले ते करून देतात, पण पाटा इतका कडक होतो की चाक खड्ड्यात उतरायच्या ऐवजी हवेत लटकतं. लांब शॅकल (पाट्याचं टोक चॅसीला धरणारी कडी) लावणं सगळ्यात स्वस्त आणि पुढच्या बाजूला सगळ्यात धोक्याचं, कारण त्याने पुढच्या हाउसिंगचा कोन बदलतो आणि वेगात स्टिअरिंग सरळ राहत नाही.

पाटे हाउसिंगच्या वर बसवायचे, ज्याला स्प्रिंग ओव्हर म्हणतात, त्याने पाच-साडेपाच इंच एकदम मिळतात. फोटो सुंदर येतात. पण मग शाफ्टचे कोन बिघडतात, ब्रेकचे होज लांब लागतात, स्टिअरिंगची दांडी नव्याने करावी लागते, रेस दिली की हाउसिंग पाट्यांसकट मुरडतं, आणि गाडीचा गुरुत्वमध्य वर गेल्यामुळे आडव्या उतारावर पोटात गोळा येतो. मी हे काम एका गाडीवर जवळून पाहिलंय. त्या मालकाने पुढची दोन वर्षं गाडी चालवण्यापेक्षा या बदलाचे परिणाम दुरुस्त करण्यात घालवली.

डिफरन्शियल लॉकर (डावं-उजवं चाक एकत्र फिरायला लावणारं कुलूप) घेऊ का?

फोर बाय फोर लावूनही एक पुढचं आणि एक मागचं चाक हवेत फिरतंय, गाडी जागची हलत नाही, हे तुमच्या बाबतीत वारंवार होत असेल तर घ्या. सस्पेन्शनवरच्या पैशांपेक्षा लॉकरवरचे पैसे मला जास्त सत्कारणी लागलेले दिसले. आधी मागे, पुढचा नंतर किंवा कधीच नाही. पुढे लॉकर असताना स्टिअरिंग वळवून जोर केला की बर्फील्ड जॉइंट तुटण्याची शक्यता फार वाढते.

डिफरन्शियलची पिनियन वेल्डिंग करून टाकणं, हे रस्त्यावरच्या गाडीत कृपा करून करू नका. ओल्या घाटात वळणावर मागची चाकं सरळ ढकलत राहतात.

डांबरावर फोर बाय फोर चालवली तर काय होतं? आणि लो किती कामाचा?

जिप्सीत पुढचा शाफ्ट आणि मागचा शाफ्ट यांच्या मध्ये डिफरन्शियल (दोघांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) नसतं. वळताना पुढची चाकं जास्त अंतर कापतात, कोरड्या डांबरावर तो फरक निघायला वाट मिळत नाही आणि सगळा पीळ ट्रान्सफर बॉक्स आणि शाफ्टमध्ये साठतो. दांडी निघेनाशी होते ती यामुळेच. अशा वेळी जोर न लावता थोडं सरळ मागे घ्या.

लो आणि हायच्या गुणोत्तरात फरक साधारण १.६ पटीचाच आहे. हा लो फार खाली जात नाही. मोठे टायर घातले की आहे तोही निम्मा वाया गेल्यासारखा वाटतो. दगडधोंड्यांत संथ चालणं हेच ध्येय असेल, तर ट्रान्सफर बॉक्समध्ये लो आणखी खाली नेणारे गिअर घालता येतात.

विंच (गाडी ओढून काढणारं विजेचं रहाट) आधी की बाकीचं सामान आधी?

सामान आधी. आणि सामानाच्याही आधी, गाडीला पुढे-मागे चॅसीत पक्के बसवलेले ओढायचे हुक.

दापोलीकडे एका पावसाळ्यात आमची मागची गाडी रुतली. पुढच्याने दोर लावला तो बंपरला वेल्ड केलेल्या हुकात. दोन झटके दिले, तिसऱ्याला वेल्ड सुटलं. हुक दोरासकट बोनेटवरून उडाला आणि समोरच्या काचेतून आत येऊन रिकाम्या डाव्या सीटच्या पाठीत रुतला. त्या सीटवरचा मुलगा दोनच मिनिटांपूर्वी दोर बघायला खाली उतरला होता. आम्ही कितीतरी वेळ कोणी काही बोललो नाही. त्या दिवसापासून चॅसीला बोल्ट केलेला नसेल अशा हुकाला मी दोर लावू देत नाही, कोणी कितीही घाईत असो.

गाडीत हे असावं: लवचीक कायनेटिक दोर, झाडाला गुंडाळायचा रुंद पट्टा, दोर अडकवायचे, भार लिहिलेले दोन शॅकल (१९ मिमीच्या बो शॅकलवर साधारण ४.७५ टन असतं), चामडी हातमोजे, फावडं, आणि जॅकखाली ठेवायला जाड फळी. ट्रॉली ओढायचा बॉल ओढून काढायला कधीही वापरू नका. दोर ताणलेला असताना त्याच्यावर भिजलेलं पोतं किंवा जाकीट टाका आणि माणसं दोराच्या लांबीच्या बाहेर उभी करा.

विंच घ्यायचीच तर भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट ओढणारी. दीड टनाच्या जिप्सीला ८००० पौंडांची भरपूर होते. पुलीने दोर दुमडून घेतला तर ओढ दुप्पट, वेग निम्मा. विंच पूर्ण भारावर शेकडो अँपिअर खाते, त्यामुळे बॅटरी चांगली ठेवा, इंजिन चालू ठेवा आणि मध्ये मध्ये थांबा.

स्नॉर्कल (इंजिनाला उंचावरून हवा देणारा पाइप) लावला की पाण्यातून जाता येतं ना?

स्नॉर्कल इंजिनात पाणी जाऊ देत नाही, तोही सगळे सांधे घट्ट असले तर. वाहत्या पाण्यात हलकी गाडी बाजूला ढकलली जाते, त्याला स्नॉर्कल काय करणार? गढूळ ओढा पायी ओलांडून बघितल्याशिवाय गाडी घालायची नाही. पायी जाववत नसेल तर गाडीही जाणार नाही.

त्यापेक्षा स्वस्त काम आधी करा: दोन्ही हाउसिंगच्या ब्रीदरला (हवा ये-जा करायच्या छिद्राला) होज जोडून तो बोनेटच्या उंचीपर्यंत वर न्या. तापलेलं हाउसिंग थंड पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा सीलमधून पाणी ओढून घेते.

इंजिन बदलू का?

नको. एमपीएफआय इंजिन चांगलं बांधून घेतलं तर या गाडीला पुरतं. मोठ्या इंजिनाचा भार शेवटी त्याच शाफ्टवर, त्याच ब्रेकवर येतो, शिवाय आरटीओची वाट आहेच.

रोल केज, म्हणजे आतला लोखंडी पिंजरा, हवा का?

कापडी छताची गाडी चढ-उतारावर नेत असाल तर हवाच. सीमलेस पाइपचा, चॅसीला धरलेला. नुसता पत्र्याला बोल्ट केलेला पिंजरा गाडी उलटली की पत्रा फाडून आत येतो. डोक्याजवळच्या पाइपला फोम लावा आणि पट्टे लावूनच बसा, पट्ट्याशिवाय पिंजरा इजा वाढवतो.

एकूण खर्चाची वाटणी कशी करावी?

जेवढे पैसे आहेत त्यातले निम्मे दुरुस्तीला बाजूला काढा. उरलेल्यातून आधी टायर, मग हुक आणि दोर-शॅकल, मग लॉकर, आणि काही उरलं तर पाटे. सुट्या भागांसाठी पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड एकदा पायी फिरा. जुना भाग हातात घेऊन जा, नावावरून मागितलं तर चुकीचा मिळतो.

चालवायची कुठे?

परवानगी घेऊन. राखीव वनात विनापरवाना गाडी घालणं भारतीय वन अधिनियम १९२७ खाली गुन्हा आहे, अभयारण्याला १९७२ चा वन्यजीव कायदा लागतो. कास पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे. तिथल्या मातीच्या पातळ थरावर एकदा चाक फिरलं तर ती फुलं पुढच्या वर्षी त्या जागी येत नाहीत. सड्यांवर (कातळी पठारांवर), ओढ्याच्या पात्रात, पेरलेल्या शेताच्या बांधावर गाडी नको. गावात शिरताना सरपंचाला किंवा पोलीस पाटलांना भेटा, वाट कोणाच्या मालकीची ते विचारा. आम्हाला सगळ्यात चांगल्या वाटा गावकऱ्यांनीच दाखवल्या.

घरी आल्यावर काय करायचं?

त्याच संध्याकाळी धुवा. चॅसीच्या आत पाण्याचा पाइप घालून, पाट्यांच्या पानांमधला चिखल निघेपर्यंत. ब्रेक ड्रम उघडून माती काढा. पाण्यातून गेला असाल तर हाउसिंगचा खालचा नट थोडा सैल करून दोन थेंब बोटावर घ्या. सोनेरी असेल तर घट्ट करा. दुधाळ असेल तर उद्यावर टाकू नका, रात्रीच ऑइल काढून टाका.